संगणकाची स्मृती आणि नकलेचा विलंब

ग्रंथसंग्रहालयांतून व साहित्यसंस्थांच्या कार्यालयांतून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे संगणक अद्याप क्वचित कामास असलेले दिसतात. दुर्मिळ अंकांची छायाचित्रित पाने, व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे असा ऐवज त्यांच्या डिस्कवर साठलेला असतो आणि त्याची दुसरी प्रत पुष्कळदा कोठेच नसते. ती काढावयास बसावे, तर काम तासन्‌तास रेंगाळते. ‘रॅम वाढवा’ हा सल्ला मग ठरलेला. तो सर्वस्वी चुकीचा नव्हे. तथापि विलंबाचे मूळ बहुधा अन्यत्र असते, असे आमचे मत आहे.

दप्तरखान्यातील कारकून डोळ्यांपुढे आणावा. फडताळातील रुमाल म्हणजे डिस्क आणि त्याच्या पुढ्यातील मेज म्हणजे रॅम. मेज लहान असेल, तर हातचे कागद वरचेवर फडताळात ठेवावे लागतात. संगणकही तसेच करतो: रॅम भरली की तिच्यातील मजकूर तो डिस्कवर उतरवतो. ज्या डिस्कवरून नक्कल चालली आहे तिच्यावरच हा दुसरा भार पडतो, आणि मग साधी खिडकी उघडतानाही डिस्कचा दिवा विझत नाही. अशा वेळी मात्र रॅम वाढवल्याने खरोखर गुण येतो. २००१ मधील विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागे, १२८ असावी अशी शिफारस होती. पुढे आलेल्या व्हिस्टाच्या बहुतेक आवृत्त्यांनी १ गिगाबाइट मागितली. एक्सपीच्या काळातील यंत्रावर व्हिस्टा बसवणाऱ्यांचे हाल का झाले, ते यावरून कळेल.

परंतु मेज प्रशस्त असूनही कारकून फडताळाकडे खेपा घालीत राहील, तर काय उपयोग? डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते असे धरले, तर एका फेऱ्यास सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला, की प्रत्येक खेपेस सरासरी १२-१३ मिलिसेकंद पडतात. चार-चार किलोबाइटांच्या १०,००० फाइलींना प्रत्येकी दोनच खेपा धरल्या, तरी चार मिनिटांहून अधिक वेळ केवळ हिंडण्यात जातो. तेवढाच, म्हणजे ४० मेगाबाइटांचा, मजकूर एकाच फाइलीत सलग असता, तर काही सेकंदांत काम उरकले असते. म्हणून पुष्कळ लहान फाइली नेताना त्या आधी दुसऱ्या यंत्रावर गुंडाळता येत असतील, तर गुंडाळाव्यात. त्याच जुन्या डिस्कवर गुंडाळण्यात मात्र खेपा काही वाचत नाहीत.

वाटही अरुंद असू शकते. जुन्या यूएसबी १.१ जोडणीतून सेकंदाला फार तर १२ मेगाबिट जातात. एक गिगाबाइटास कागदोपत्री हिशेबानेच अकरा मिनिटे होतात. शिवाय डिस्कशी चाललेल्या देवाणघेवाणीत वारंवार चुका आढळल्या, तर एक्सपी डीएमए ही जलद रीत सोडून पीआयओ या मंद रीतीवर उतरते. येथे विलंब ही धोक्याची सूचनाच समजावी: तार सैल असेल किंवा डिस्क अखेरच्या घटका मोजीत असेल. अशा यंत्रासाठी रॅम शोधीत बसू नये; सर्वांत मोलाचा ऐवज प्रथम हलवावा.

व्हिस्टाचा एक प्रसंग याहून उद्‌बोधक आहे. एक्सपी नक्कल करताना मजकूर आधी रॅममध्ये घेई व डिस्कवर सवडीने लिही. त्यामुळे ‘काम झाले’ असे दाखवून खिडकी मिटे, तेव्हा लेखन पुरे झालेले असेलच असे नसे. व्हिस्टाच्या कर्त्यांनी बहुतेक नकला रॅममधील हा साठा टाळून, थेट व मोठ्या तुकड्यांत करण्याचे ठरवले. खिडकी आता लेखन पुरे झाल्यावरच मिटू लागली. काही ठिकाणी काम खरोखर मंदावले, काही ठिकाणी ते तसे भासले. ओरड मात्र सर्वत्र एकच झाली. अखेर २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये बव्हंशी जुनी रीत परत आणण्यात आली.

तेव्हा खिडकी मिटली म्हणून पेन-ड्राइव्ह लगेच ओढून काढू नये. ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा दिल्यावर रॅममध्ये अडकलेला मजकूर आधी लिहिला जातो. नंतर प्रतीतील दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात, आणि मगच मूळ डिस्कला हात लावावा.