कोयीतले तेल आणि बेकरीचे मोहन



आंब्याच्या कोयीपासून खाद्यतेल निघते, ते बेकरीवाल्यांना चालते, मग आपल्या कारखान्याने हा प्रकल्प का घेऊ नये, अशी विचारणा काही सभासदांनी आमच्याकडे केली आहे. प्रश्न रास्त आहे. चिपाडावर बॉयलर चालतो, मळीपासून अल्कोहोल होते, प्रेसमड शेतात जाते. टाकाऊतून पैसा कसा होतो हे ऊस उत्पादकाला शिकवायला नको. पण भागभांडवलाला हात घालायचा तर आधी हिशेब बघितला पाहिजे.

कोय फोडली की आत बी असते. ती वाळवल्यावर वजनाच्या साधारण ७ ते १२ टक्के तेल तिच्यातून मिळते. तेल म्हणायचे एवढेच. ऐन उन्हाळा सोडला तर ते तुपासारखे थिजलेले असते. भुईमुगाचे किंवा करडईचे तेल असे थिजत नाही. कोकणात रातांब्याच्या बियांपासून कोकमतेल काढतात आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात, त्याच जातीचे हे तेल. दोन्हींत स्टिअरिक आम्ल भरपूर असते, त्यामुळे ती घट्ट राहतात.

बेकरीला नेमका हा घट्टपणा हवा असतो. आपल्या घरी करंजीला, शंकरपाळ्याला मोहन घालतात ते का? पिठाच्या कणांवर तुपाचा थर बसला की पाणी लागून पीठ चिवट होत नाही, खुसखुशीत होते. नुसत्या पातळ तेलात केलेली नानकटाई पसरते आणि हाताला तेल लागते. म्हणून पातळ तेलात हायड्रोजन घालून वनस्पती तूप करीत आले. त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाला घातक असते. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. कोयीचे तेल मुळातच घट्ट. हायड्रोजनशिवाय, दुसऱ्या तेलात मिसळून ते बिस्किटाला आणि नानकटाईला वापरता येते.

इथवर सगळे गोड आहे. आता आकडे बघा. एक टन आंब्याच्या कोयी १५० किलो धरू. जातीप्रमाणे हे कमीजास्त होते. निम्मे वजन कवचाचे गेले, ओली बी राहिली ७५ किलो. तिच्यात जवळपास निम्मे पाणी. कोरडी बी ३७ किलो आणि तेल पावणेचार किलो! एक टन उसातून साखर शंभर किलोच्या घरात मिळते, हे लक्षात घ्या. दहा टन तेल हवे तर अडीच हजार टनांहून जास्त आंब्याच्या कोयी गोळा कराव्या लागतील.

दुसरी अडचण वेळेची. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, तसेच इथेही. ओल्या कोयींचा ढीग तापतो, बीला बुरशी लागते, तेल आंबते. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. म्हणून कोय लगेच धुऊन, फोडून बी वाळवावी लागते, आणि हे सगळे मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना.

तेल इतके थोडे की घाण्याने किंवा एक्स्पेलरने ते परवडण्याजोगे निघत नाही. हेक्झेन हे द्रावक वापरावे लागते आणि ते पेट्रोलसारखे भडकते. पुढे तेलाचा आंबटपणा, रंग, वास काढायचा. उरलेल्या पेंडीत टॅनिन असल्याने जनावरांना ती बेतानेच घालता येते.

आमचे मत स्पष्ट आहे. तेलाचा कारखाना आपण काढू नये. गळीत संपल्यावर शिल्लक चिपाडावर बी वाळवून देण्याचे काम तेवढे विचारात घेण्याजोगे आहे, तेही रसाचा कारखाना जवळ असेल तर. आंब्याच्या रसाचे मोठे कारखाने चित्तूर, कृष्णगिरी भागात आहेत. तिकडून ओल्या कोयी आणणे म्हणजे भाडे भरून पाणी वाहणे.

भावाचेही बघा. युरोपात २००० सालच्या नियमाने चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पती चरब्या चालतात, त्यांत आंब्याची कोय आणि कोकम दोन्ही आहेत. बेकरीवाला मात्र पामतेलाच्या भावाशी तुलना करूनच दर देणार. तेव्हा वार्षिक सभेत हा विषय मांडणाऱ्यांनी कोयी कोठून, किती अंतरावरून आणि किती दिवस मिळणार, हे लिहून आणावे.