रद्दीतला वेताळ

गेल्या मे महिन्यात सावंतवाडीहून आईचा फोन आला. "अरे, माळा साफ करतेय. चांदोबाची ट्रंक निघालीय. रद्दीवाला दारात उभा आहे, देऊ का?"

मी इथे हिद्दमध्ये बाल्कनीत चहा घेत होतो. समोर खलिफा बिन सलमान बंदराच्या क्रेन. तोंडातून आपोआप निघालं, "अगं नको, थांब!"

"वीस वर्षांत एकदा तरी उघडलीस का ती?" आईने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ट्रंकेत होते बाबांच्या लहानपणचे, सत्तरच्या दशकातले अंक. अंक हातात आला की मी आधी एकच पान शोधायचो. स्मशान, कवट्या, आणि खांद्यावर प्रेत टाकून, तलवार उपसून निघालेला राजा विक्रम. ते चित्र शंकर यांचं. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. १९५२ मध्ये ते मद्रासच्या 'चांदमामा'त रुजू झाले. आपला मराठी 'चांदोबा'ही त्याच वर्षीचा. २०२० मध्ये शंकर गेले, पण आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर विक्रम अजून त्यांनी काढला तसाच चालतो.

माझा एक सहकारी जुन्या अमेरिकन भयकथा-मासिकांचा वेडा आहे. त्याच्याकडून कळलं की १९५४ मध्ये तिकडच्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता करून भुताखेतांना हद्दपार केलं. मग १९६४ मध्ये 'क्रीपी' नावाचं मासिक आलं. मोठा आकार, आतली पानं काळी-पांढरी. कॉमिक नव्हे, मासिक, म्हणून संहितेच्या बाहेर! अशा मासिकांत रक्तपिपासू भुतांच्या शेजारी तलवारबहाद्दर आणि दुष्ट मांत्रिकांच्या कथाही नांदल्या. १९७४ मध्ये तर कोनान या रानटी वीराचं असंच स्वतंत्र मासिक निघालं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे प्रेत, स्मशान, मांत्रिक, तलवार हे सगळं मुलांच्या मासिकात यायचं, आणि आजी स्वतः वाचून दाखवायची. त्याचा विश्वासच बसेना.

फरक एकच. कोनान तलवारीने प्रश्न सोडवतो. विक्रमाच्या हातात तलवार असते, पण लढाई प्रश्नाशी असते. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडेल आणि वेताळ पुन्हा झाडावर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, इनफायनाईट लूप! मूळ गोष्टीत तो थांबतो. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ही पंचविशी आहे. शेवटी असा प्रश्न येतो की राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो, आणि वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की ज्या साधूसाठी तू प्रेत नेतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. साधू म्हणतो, दंडवत घाल. राजा म्हणतो, कसा ते दाखवा. साधू वाकतो आणि तलवार चालते.

'चांदोबा'ने मात्र हा शेवट येऊच दिला नाही. पंचवीस गोष्टी संपल्या तरी त्याच चौकटीत नव्या रचत राहिले, वर्षानुवर्षं.

आम्हा तळकोकणातल्या लोकांना तर वेताळ परका नाहीच. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याने चपला झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी चांदोबातला वेताळ आणि हा वेतोबा एकच का, असं मी आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, "हात जोड आणि गप बस."

ऑगस्टमध्ये घरी गेलो. परतताना बॅगेत तीस किलोंची मर्यादा. लोणच्याच्या दोन बरण्या बाहेर, चांदोबाचे बारा अंक आत. बायको दोन दिवस बोलली नाही.

मुलगा सात वर्षांचा. मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. सुट्टीच्या आदल्या रात्री एक वेताळकथा, असं ठरलं. एकदा अंक बाजूला ठेवून मूळ पंचविशीतली गोष्ट सांगितली. बाई घाईत नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर लावते, भावाचं नवऱ्याच्या धडावर. आता नवरा कोण? राजाचं उत्तर: डोकं ज्याचं तो. मी ते सांगायच्या आधीच मुलगा उठून बसला. "बाबा, इझी! सीपीआर कार्डवर फोटो तोंडाचा असतो ना? मग तोच हजबंड."

हजार वर्षांच्या कोड्याचा निकाल बहारीनच्या ओळखपत्राने लागला. मी हसलो, आणि मग थोडा गप्पच झालो. या पोराला विक्रमाचं म्हणणं कळलं होतं. मराठीतून कळलं होतं.

लगेच आईला फोन लावला. "उरलेली ट्रंक आहे ना गं?"

"आहे. कडुलिंबाचा पाला घालून ठेवलीय. पण माझ्याच्यानं आता माळ्यावर चढवत नाही हो. आणि रद्दीवाला दर महिन्याला विचारतो."