समजून घ्या : ४ बाद ३८ आणि ४ बाद ३२, इंग्लंड का बुडालं, बीडचा सचिन का तरला?

वनडे सामन्याआधी टॉस होतो, टीम शीट येते आणि मोबाइलवर वाद सुरू होतो. याला का घेतलं? त्याला का बसवलं? बहुतेक चर्चा मोठ्या नावांवर होते. पण वनडेत मॅच अनेकदा फिरते ती दोन साध्या प्रश्नांवर : सहा, सात, आठ नंबरला कोण आहे? आणि पाचपैकी एक बॉलर बिघडला तर सहावा कोण?

हे समजून घ्यायला दोन सामने पुरेसे आहेत. एक मुंबईतला. दुसरा झाला दक्षिण आफ्रिकेत, पण त्यातला हिरो होता बीडचा.

वानखेडेवर इंग्लंडने काय केलं?

तारीख २१ ऑक्टोबर २०२३. वर्ल्ड कपमध्ये गतविजेता इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आधीचा सामना अफगाणिस्तानकडून हरल्यामुळे इंग्लंडने तीन बदल केले. ख्रिस वोक्स, सॅम करन आणि लियाम लिव्हिंगस्टोन बाहेर. बेन स्टोक्स, डेव्हिड विली आणि गस ॲटकिन्सन आत.

कागदावर टीम तगडी वाटत होती. पण बाहेर गेलेले तिघेही बॅटिंग आणि बॉलिंग दोन्ही करणारे होते. आत आलेला स्टोक्स गुडघ्याच्या त्रासामुळे फक्त बॅटर म्हणून खेळत होता. परिणाम काय? सात नंबरला विली आला, जो मुळात बॉलर. आणि पाच बॉलर सोडले तर कामचलाऊ पर्याय म्हणून जो रूट.

कॅप्टन जोस बटलरने टॉस जिंकला आणि मुंबईच्या भर दुपारच्या उकाड्यात आधी फील्डिंग घेतली. त्यातच रीस टॉपलीच्या बोटाला लागलं आणि रूटच्या हातात बॉल द्यावा लागला. हेन्रिक क्लासेनने ६७ बॉलमध्ये १०९ ठोकले. मार्को यान्सनने ४२ बॉलमध्ये नाबाद ७५ केले. शेवटच्या १० ओव्हरमध्ये १४३ धावा निघाल्या आणि आफ्रिकेचा स्कोअर झाला ७ बाद ३९९.

दमलेली टीम बॅटिंगला आली. ४ बाद ३८. मग ८ बाद १००. शेवटी सर्वबाद १७०. पराभव २२९ धावांनी, धावांच्या फरकाने इंग्लंडचा तोवरचा सर्वांत मोठा. उकाडा पाहता आधी बॅटिंग घ्यायला हवी होती, असं बटलरनेही नंतर मान्य केलं.

मग चूक फक्त टॉसची होती का?

टॉसचा वाटा होताच. त्या वर्ल्ड कपमध्ये वानखेडेवर पाच सामने झाले. त्यातले चार आधी बॅटिंग करणाऱ्याने जिंकले. पाचव्यात ऑस्ट्रेलियाने अफगाणिस्तानविरुद्ध पाठलाग केला, पण तिथेही अवस्था ७ बाद ९१ होती. ग्लेन मॅक्सवेलच्या नाबाद २०१ धावांनी ती मॅच वाचवली. दिव्यांच्या उजेडात नवा बॉल तिथे बराच हलत होता.

अर्थात, बटलरने टॉस जिंकला तेव्हा यातले बाकीचे चार सामने व्हायचे होते. आयपीएलमुळे ‘वानखेडेवर चेसच करायचा’ हा समजही पक्का झालेला आहे. त्यामुळे एकट्या टॉसवर खापर फोडता येत नाही. खरी अडचण अशी की निवडलेली टीम आणि घेतलेला निर्णय एकमेकांना धरून नव्हते. खालची बॅटिंग पातळ ठेवायची आणि पुन्हा पाठलागही करायचा, हा दुहेरी धोका होता.

पुण्याने याचं उत्तर दिलं. ८ नोव्हेंबरला गहुंजेत नेदरलँड्सविरुद्ध इंग्लंडची अवस्था ६ बाद १९२ होती. पण आता वोक्स टीममध्ये होता. त्याने ५१ केले, स्टोक्सने १०८. दोघांनी सातव्या विकेटसाठी १२९ धावा जोडल्या आणि स्कोअर ९ बाद ३३९ वर गेला. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरं, पण खाली बॅटर असला की पडझड थांबते, हे दिसलं.

बीडचा सचिन इथे कुठे येतो?

६ फेब्रुवारी २०२४. बेनोनीत अंडर-१९ वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर यजमान दक्षिण आफ्रिका. भारताचा कॅप्टन उदय सहारन यानेही टॉस जिंकून फील्डिंगच घेतली. टार्गेट मिळालं २४५. डावाच्या पहिल्याच बॉलवर विकेट गेली आणि बघता बघता ४ बाद ३२ झाले. म्हणजे वानखेडेवरच्या इंग्लंडपेक्षाही सहा धावा कमी.

तेव्हा सहाव्या नंबरला आला बीडचा सचिन धस. त्याने ९५ बॉलमध्ये ९६ केले. सहारनने १२४ बॉलमध्ये ८१. पाचव्या विकेटची भागीदारी १७१ धावांची. भारत सात बॉल राखून, दोन विकेटने जिंकला.

तुलना करताना एक गोष्ट विसरू नका. इंग्लंडला ओव्हरमागे आठ धावा हव्या होत्या. भारताला सावरायला वेळ होता. पण वेळ असूनही तो वापरणारा माणूस क्रीजवर लागतो. सहारनने एक बाजू धरली, सचिनने धावा पळत्या ठेवल्या. कामाची वाटणी स्पष्ट होती.

ही वाटणी एका दिवसात झाली नव्हती. पहिल्या सामन्यात बांगलादेशविरुद्ध सचिनने शेवटी येऊन २० बॉलमध्ये नाबाद २६ केले, म्हणजे फिनिशरचं काम. नेपाळविरुद्ध त्याला वर पाठवलं, तर ११६ केले आणि सहारनसोबत २१५ धावा जोडल्या. गरज पाहून क्रम बदलणं, हीच कॅप्टन्सी. फायनलमध्ये मात्र सचिन ९ वर बाद झाला आणि ऑस्ट्रेलिया ७९ धावांनी जिंकली. सहावा नंबर रोज वाचवत नाही.

आपल्यासाठी यात काय?

सचिनच्या वडिलांनी त्याचं नाव तेंडुलकरवरून ठेवलं. बीडमध्ये अर्ध्या टर्फच्या पिचवर त्याचा सराव व्हायचा, असं त्याचे कोच शेख अझहर यांनी तेव्हा सांगितलं होतं. अशा जिल्ह्यातल्या मुलासाठी निवड म्हणजे सगळं काही. आणि इथेच अडचण आहे. ओपनरला ५० ओव्हर मिळतात, त्यामुळे शतकं त्याच्या नावावर लागतात. सहाव्या नंबरच्या वाट्याला कधी १५ बॉल, कधी पॅड बांधून बसणं. निवड फक्त धावांची बेरीज पाहून झाली तर हा मुलगा यादीत खालीच राहणार.

म्हणून पुढच्या वेळी टीम शीट आली की आधी सहा, सात, आठ नंबर बघा. मग सहावा बॉलर शोधा. आणि टॉसचा निर्णय या दोन्हींशी जुळतो का, ते तपासा. जिल्ह्याच्या टीमची यादी लागली तरी हेच करा. सहाव्या नंबरच्या मुलाला तुम्ही किती धावा केल्यास हे विचारालच. त्या कितीला किती बाद असताना केल्यास, हेही विचारा.