नाचायला लावणारा व्हिडिओ गेम

"डॉक्टर, टीव्हीसमोर नाचत खेळायचा गेम मुलाला घेऊन द्यावा का?" असे हल्ली पालक अधूनमधून विचारतात. विचारताना आवाजात संकोच असतो. मूल पडद्यापासून हलत नाही म्हणून तक्रार करायची आणि पुन्हा पडद्याचाच आणखी एक खेळ विकत आणायचा, हे त्यांचे त्यांनाच पटत नसते. प्रश्न मात्र रास्त आहे.

प्रथम हे खेळ चालतात कसे ते पाहू. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हा खेळ आणला. पायाखाली चार दिशांचे चार बाण आणि पडद्यावर गाण्याच्या तालात वर सरकणारे बाण. पडद्यावरचा बाण ठरलेल्या जागी पोचला की त्याच क्षणी त्या दिशेच्या बाणावर पाय पडला पाहिजे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांमधील लठ्ठपणावर उपाय म्हणून २००६ साली हा खेळ सरकारी शाळांत नेण्याची योजना जाहीर केली होती. पुढे निन्टेन्डोच्या 'वी'मध्ये (२००६) हातातला रिमोट हालचाल ओळखू लागला, तर मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'चा (२०१०) कॅमेरा सगळे शरीर टिपू लागला. ही दोन्ही यंत्रे आता बनत नाहीत, पण त्याच जातीचे खेळ आजही मिळतात.

आता फायद्याचे. इंग्लंडमधील संशोधकांनी २००७ साली १३ ते १५ वर्षांच्या मुलांवर 'वी'चे खेळ तपासले. बसून खेळण्याच्या मानाने शरीराची ऊर्जा निदान दीडपट खर्च झाली. मात्र खरेखुरे टेनिस वा बॉक्सिंग खेळताना लागते तितकी ती नव्हती. मुले हुशार असतात; सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकले तरी गुण मिळतात, हे त्यांच्या लवकर ध्यानात येते! म्हणून पायांना कामाला लावणारा खेळ निवडावा, असे माझे मत आहे. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू मोठे असतात. ते हलले की हृदयाचे ठोके वाढतात आणि दम लागतो. दहा मिनिटांनी मुलाला हाक मारून पाहा. त्याला बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका दम लागला तर व्यायाम झाला. आरामात गात असेल, तर ती नुसती करमणूक.

मेंदूची बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. पडद्यावरचा बाण डोळ्यांनी टिपायचा, कोणता पाय कुठे हे ठरवायचे, चुकीच्या दिशेला निघालेला पाय आवरायचा, आणि हे सारे तालात. मन आवरण्याचे आणि लक्ष टिकवण्याचे हे काम कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि तो भाग विशीपर्यंत व त्यानंतरही घडत असतो. गणित सोडवताना बाहेरच्या गोंगाटाकडे दुर्लक्ष करायचे, तेही काम त्याचेच. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६ ते १० वर्षांच्या मुलांना काही खेळ बसून, तर काही धावत-उड्या मारत खेळायला दिले. लगेच घेतलेल्या चाचणीत, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूला सारून उत्तर देण्याचा वेग अंग हलवणाऱ्या खेळानंतर सुधारला. खेळ डोके चालवणारा होता की साधा, याने फरक पडला नाही. म्हणजे गुण पडद्याचा नव्हे, घामाचा!

मग गेम आणून दिला की झाले का? नाही. ह्यूस्टन येथे ९ ते १२ वर्षांच्या मुलांना असे खेळ घरी देऊन तेरा आठवडे त्यांच्या हालचालीची नोंद यंत्राने ठेवली, तेव्हा बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची एकूण हालचाल वाढलेली आढळली नाही. याउलट लुईझियाना राज्यात जादा वजनाच्या १० ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस आठवड्यांचे वेळापत्रक दिले, सोबत घरचे कोणी किंवा मित्र खेळायला घेतला आणि प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवर विचारपूस करीत राहिला. तेव्हा वय-उंचीच्या मानाने असलेले वजन थोडे उतरले. खेळ न मिळालेल्या गटात ते किंचित वाढले. आई-वडील सोबत नाचले की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

जे मूल रोज मैदानावर खो-खो किंवा लंगडी खेळते, त्याला या गेमची मुळीच गरज नाही. पैसे वाचवा. पण वर्गात वजनावरून चिडवले जाणारे, संघात शेवटी निवडले जाणारे एखादे मूल मैदानाकडे फिरकतच नाही. चार भिंतींत कोणी हसणारे नसताना त्याचे पाय हलू लागतात, धीर येतो. अशा मुलासाठी मी बेलाशक 'घ्या' म्हणतो. महागडे यंत्र परवडत नसेल तर मोबाईलवरचे नाचाचे व्हिडिओ लावून सोबत नाचले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. त्यातली वीस-पंचवीस मिनिटे इथे भागतील, बाकीची सायकल, दोरीच्या उड्या यांतून काढावी.

गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून खेळू देऊ नये, पाय मुरगळतो. फीट येणाऱ्या मुलाला झगझगते दिवे असलेले खेळ अपाय करू शकतात, आणि हृदयाचा दोष असल्यास आधी तपासणी हवी. दमा असलेल्या मुलाला केवळ दम्यामुळे खेळण्यापासून अडवू नका. औषध जवळ ठेवून, सुरुवातीला हळू खेळू द्या.