‘ईस्ट लिन’ : माफी कोणाला मिळते?

गोष्ट संपली की मुलं हमखास विचारतात, “मग तिला माफ केलं का?” याच प्रश्नाभोवती फिरणारं एक जुनं इंग्रजी नाटक आज समजून घेऊया.

एलेन वुड यांची ‘ईस्ट लिन’ ही कादंबरी 1861 मध्ये पुस्तकरूपात आली. राणी व्हिक्टोरियाच्या काळात ती खूप गाजली आणि तिची अनेक नाट्यरूपं रंगभूमीवर आली.

कथा अशी. उमरावाची मुलगी इझाबेल आणि तिचा सज्जन वकील नवरा कार्लाइल. तो बार्बरा नावाच्या तरुणीला गुपचूप भेटत असतो. कारण वेगळंच असतं; तिच्या भावावर खुनाचा खोटा आळ आलेला असतो. पण लेव्हिसन नावाचा माणूस इझाबेलच्या मनात संशय पेटवतो. ती नवरा-मुलं सोडून त्याच्याबरोबर जाते आणि तो लग्न न करताच तिला वाऱ्यावर सोडतो.

रेल्वे अपघातात इझाबेलचा चेहरा बदलून जातो. सगळे तिला मेलेली समजतात. मग ती नाव बदलून आपल्याच मुलांची शिक्षिका म्हणून घरी परतते. आता तिथे कार्लाइलची बायको म्हणून बार्बरा असते. लहानगा विल्यम आजारी पडून जातो, पण जवळ बसलेली बाई आपली आई आहे हे त्याला कळतच नाही. पुढे इझाबेलही खंगते. मरताना नवरा तिला माफ करतो.

आता त्या काळचा कायदा बघा. 1857 च्या कायद्यानुसार बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. 1839 च्या कायद्याने आईला सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागता येई, पण व्यभिचारी ठरलेल्या आईला नाही. म्हणूनच इझाबेलला मुलांजवळ यायला वेष बदलावा लागतो.

आणि लेव्हिसन? कादंबरीत तो त्याच गावातून संसदेच्या निवडणुकीला उभा राहतो! खरा खुनी तोच निघतो, म्हणून पकडला जातो. इझाबेलला फसवल्याबद्दल कायदा त्याला काहीच शिक्षा करत नाही.

मोठ्या मुलांशी बोलताना एवढंच विचारा : चूक दोघांची, मग किंमत एकीनेच का मोजली? उत्तर आपण देऊ नका. त्यांना वाद घालू द्या.