मोत्या, खंड्या आणि ब्रूनोचं बारसं

पिल्लू घरात येऊन अर्धा तास होत नाही, तोच बारशावरून भावंडांत जुंपते. थोरलीला 'सिंबा' हवं, धाकट्याला 'पिकाचू'. आजोबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "मोत्या ठेवा." शेवटी कागदोपत्री 'ब्रूनो' होतं, आणि आजोबा त्याला जन्मभर मोत्याच म्हणतात. कुत्रं दोन्ही हाकांना येतं. खायला कोण देतं, एवढंच ते बघतं.

मोत्या, खंड्या, वाघ्या, राजा, टिप्या ही आपली जुनी मंडळी. त्यातला टिप्या तर भलताच पुरातन! वैदिक वाङ्मयात यमाचे दोन कुत्रे आहेत, श्याम आणि शबल. शबल म्हणजे चट्टेपट्टे असलेला. थोडक्यात, साक्षात यमाच्या दारीही एक काळ्या आणि एक टिप्या! इंद्राची कुत्री सरमा. पणी नावाच्या असुरांनी लपवलेल्या गाई हिनेच हुडकल्या. मुलीसाठी म्हणून कुत्री आणणार असाल, तर 'सरमा' हे नाव अजून कुणी फारसं उचललेलं नाही.

ठिपके बघून नाव ठेवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीफेक असतात, ठिपके मागाहून उमटतात.

अंतराळात गेलेली लायका मूळची लायका नव्हतीच. मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेल्या या कुत्रीला आधी कुद्र्यावका म्हणत, म्हणजे कुरळी. लायका म्हणजे भुंकणारी. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ती स्पुतनिक-२ मधून गेली, ती परतलीच नाही. मुलांना हा भाग सांगायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

उलटा प्रकारही घडतो. सिनेमातल्या इंडियाना जोन्सला नाव मिळालं ते जॉर्ज ल्यूकस यांच्या कुत्र्यावरून!

आता कामाचं. नाव दोन अक्षरी, खणखणीत असावं आणि रोजच्या हुकमांशी त्याची गल्लत होऊ नये. 'बस' शिकवायचं असेल तर 'बसंती' नको. हाक ऐकून ती येईल की बसेल, सांगता येणार नाही. शिवाय 'शोले'तला तो संवाद प्रत्येक पाहुणा ऐकवणार, ते वेगळंच. वरच्या मजल्यावर राजाभाऊ राहत असतील तर 'राजा'ही नको. नक्की करण्याआधी ते नाव गॅलरीतून एकदा मोठ्यानं ओरडून बघा. आणि कुत्र्याला नाव पेलेल का, ही चिंता सोडा. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं पाठ होती.

पिल्लू निवडताना मुलं डोळे बघतात. आईनं केस बघावेत. ओबामांनी २००८ साली निवडून आल्याच्या रात्री मुलींना पिल्लाचा शब्द दिला, पण त्यातल्या मालियाला ॲलर्जी. म्हणून केस कमी गळणारा पोर्तुगीज वॉटर डॉग शोधला. त्याचं नाव 'बो', एकाक्षरी! आपल्याकडे लातूरच्या मे महिन्यात हस्की आणणारे लोक आहेत. त्यांना आणि त्या हस्कीला, दोघांनाही दंडवत. दुकानात 'पॉमेरियन' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्यानं वाईट वाटून घेऊ नका, आपली हवा त्याला मानवते. मुधोळ हाउंड तर २००५ साली टपाल तिकिटावर झळकलाय, पण त्याला धावायला रान लागतं. दोन खोल्यांत तो सोफा फाडेल. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका, मुलांचा वाढदिवस आधी आला तरी.

आणि काहीच सुचलं नाही तर रतन टाटांचा धडा गिरवा. गोव्यातलं एक भटकं पिल्लू मुंबईला त्यांच्याकडे आलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गोवा'. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत बड्याबड्यांसोबत तोही आला होता.