चेहरा कुणी काढायचा?

नायजेरियात १९८५ साली जन्मलेली आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेली टोयीन ओजी ओडुटोला ही चित्रकार काळ्या बॉलपेनने काढलेल्या चेहऱ्यांमुळे नावारूपाला आली. तिच्या चित्रात कातडीचा रंग सपाट नसतो. रेघेवर रेघ चढत जाते आणि कोऱ्या सोडलेल्या कागदातून उजेड येतो. जन्मभूमीत ज्या वर्णाकडे कुणी वळून पाहत नाही, तोच परमुलखात माणसाची पहिली ओळख ठरतो. ही ओढाताण तिने पेनाने कागदावर आणली. तेच स्वस्त पेन जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळेच्या मुलांच्या खिशातही असते. घरी वारली किंवा कोकणा बोली, वर्गात पुस्तकी मराठी आणि पुढे शहरात कामाला गेल्यावर रंगावरून टोमणे, अशी दुहेरी ओळख त्यांच्याही वाट्याला येते. तरीही इथल्या माणसांचा चेहरा जगापुढे गेला तो बहुधा दुसऱ्यांनी टिपलेला. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले, त्यात देशभरातली माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून उभी आहेत. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हाही जव्हार बातमीत आले ते कुपोषणामुळेच.

यावर कुणी म्हणेल की वारली चित्रकला आहे ना! आहे, आणि थोर आहे. पण तिच्यात दोन त्रिकोणांवर वाटोळे डोके असते, नाकडोळे नसतात. लग्नाचा चौक सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत, त्यामुळे माणसाचे अंगही तांदळासारखे पांढरे. तिथे कातडीच्या रंगाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते चित्र एका माणसाचे नसून साऱ्या पाड्याचे असते. अडचण झाली ती पुढे. तीच आकृती साड्या, कप आणि सरकारी भिंतींवर छापली गेली आणि 'आदिवासी' म्हटले की शहरी माणसाला तेवढीच दिसू लागली. त्यात या चित्रकलेचा दोष नाही. आळस पाहणाऱ्याचा आहे.

व्यक्तिचित्रे काढली तर परंपरा बाटेल, ही भीतीही टिकत नाही. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात बायकांच्या हातची ही विधीतली कला भिंतीवरून कागदावर आणली, मासेमारीच्या जाळ्यासारखे रोजचे विषय रंगवले आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. परंपरा तिथे मोडली नाही. चेहरा इथल्या कलेला परका आहे, असेही नाही. मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात संबळाच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका यांची सोंगे मुखवटे घालून नाचतात. पुराणातले देव आणि दानव आदिवासींच्या अंगणात आले आणि इथलेच झाले. दोन संस्कृती एका तोंडावर कशा नांदवायच्या, हे इथे शिकवायला कुणी नको. उरतो तो मुखवट्यामागचा माणूस.

शासकीय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर असतात. व्यक्तिचित्राचा स्वतंत्र पेपर नाही. आश्रमशाळांतल्या कलाशिक्षकांनी त्याची वाट पाहू नये. पोरांना आजीचा चेहरा काढायला सांगावे, निळ्या पेनाने, वहीच्या मागच्या पानावर, आणि खाली आजीचे नाव लिहायला लावावे.